पाय आहेत, शिकवणारा हवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्तीतली पोरे पहाटे पाचला रस्त्यावर दिसू लागतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. पहिल्याच दिवशी सगळे जीव खाऊन पळतात. आठ-दहा दिवसांत नडग्या दुखू लागतात. मग आई तेल चोळते, कोणी पट्टी बांधून देते आणि ऐन चाचणीच्या दिवशी पोरगा लंगडत पोहोचतो. भरती संपली की पळणेही संपते, ते पुढच्या जाहिरातीपर्यंत. गेली कित्येक वर्षे आम्ही हे पाहत आहोत. पोरांच्या अंगात रग नाही असे कोणी म्हणू नये. आपल्या घरांतली मुले लहानपणापासून पायीच हिंडलेली असतात. मग घोडे अडते कुठे?

वाचकहो, हा प्रश्न आपल्या पुण्याला शंभर वर्षांपूर्वीही पडला होता. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यावर पळण्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा पाहायला होते. पळणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरे. पायात काही नाही, खाणे जेमतेम, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत, शिकवायलाही कोणी नाही. तरीही ती अशी पळाली की टाटांना वाटले, यांना ऑलिंपिकला धाडले पाहिजे. १९२० साली अँटवर्पला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत पळून एकोणिसावे आले. ज्या पुण्यातून हे सुरू झाले, तिथल्या किती शाळांत त्यांचे नाव सांगितले जाते? लहानपणी धरून शिकवणारा कोणी भेटला असता तर हा माणूस कुठवर गेला असता, असे आमच्या मनात राहून राहून येते.

तसा शिकवणारा पुढे नाशिकला एका मुलीला भेटला. कविता राऊत हे नाव सर्वांना माहीत आहे. आदिवासी घरातली, सावरपाड्याची, १९८५ सालची पोर. डोंगरातला पाडा, पाणी लांबून आणायचे. पळण्याचा खेळ तिने धरला, कारण त्याला काही विकत घ्यावे लागत नव्हते, अनवाणीही पळता येत होते. पण तिच्यामागचे विजेंद्र सिंग हे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या तोंडी नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे हे प्रशिक्षक. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर ते मुलांचा सराव घेत. कविता त्यांच्या नजरेस पडली, नाशिकला आली आणि त्यांच्या हाताखाली तयार झाली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले. मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णपदकानंतर धावपट्टीवरचे भारताचे हे पहिलेच वैयक्तिक राष्ट्रकुल पदक! त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. बरे, ही एकटी नव्हे. मोनिका आथरे, संजीवनी जाधव याही ग्रामीण भागातून त्याच मैदानावर आल्या आणि देशासाठी पळाल्या. एकीचे यश नशीब म्हणता येईल. एकामागून एक मुली निघतात तेव्हा मैदानावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाकडे बोट दाखवावेच लागते.

काही जण म्हणतील, असा सरकारी प्रशिक्षक आमच्या वस्तीला कुठला मिळायला? त्यांच्यासाठी एक दूरची गोष्ट. केनियात इटेन नावाचे गाव आहे. आयर्लंडहून ब्रदर कोल्म ओ'कॉनेल १९७६ साली तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला गेले. पळण्याचे कसलेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुलांबरोबर राहून, त्यांचे पळणे बघत बघत ते शिकले. त्यांचा शिष्य डेव्हिड रुडिशा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळाला, विश्वविक्रम झाला. म्हणजे भूगोलाच्या मास्तरालाही हे जमते. आपल्या समाजात शिक्षकांची वाण नाही. रविवारची सकाळ देणाऱ्यांची आहे, हे खेदाने म्हणावे लागते. (आम्ही कारकून माणसे, आम्हालाही हे लागू आहे.)

आमच्या लहानपणी असे एक गुरुजी होते. सायकलवर यायचे, खिशात शिट्टी, हातात साधे घड्याळ. पहिला महिनाभर ते कोणालाच जोरात पळू देत नसत. "बोलता बोलता पळता आले पाहिजे, दम लागला तर चाला," म्हणायचे. आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी. अंतर वाढवायचे ते चिमटीने. नडगी दुखली की पळणे बंद, डांबरी सोडून मातीवर चालायचे. पळून झाल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ, तेही स्वतःच्या पगारातून. त्या वेळी आम्हाला हा सगळा भित्रेपणा वाटे. आज भरतीच्या पोरांचे हाल पाहिले की गुरुजींचे प्रत्येक वाक्य आठवते.

त्यांचे खरे काम मात्र मैदानाबाहेर चालायचे. मुलगी दोन दिवस आली नाही की ते तिच्या घरी जात. बाप कामावर असला तर संध्याकाळी परत जात. पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, लोक काय म्हणतील, हे सारे ऐकून घेत, चहा पीत आणि पुन्हा चौथ्या दिवशी हजर होत. दोन-तीन आया तर त्यांना कंटाळून "न्या बाई एकदाची" म्हणाल्या होत्या.

मागे आम्ही काही कार्यकर्त्यांनी मिळून वस्तीतल्या मुलांना सकाळी पळायला न्यायला सुरुवात केली. त्यात नववीतली एक मुलगी होती. तिच्याएवढे हलके पळणे आम्ही वस्तीत पाहिले नव्हते, मुलेसुद्धा मागे पडत. दीड महिन्याने ती यायची थांबली. आम्ही घरी गेलो. वडील म्हणाले, "दहावी होऊ द्या साहेब, मग बघू." आम्ही बरे म्हणालो आणि परत आलो.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो नाही. दहावी झाली, तिचे लग्न झाले. परवा बसस्टॉपवर भेटली, कडेवर मूल होते. "काका, अजून पळायला नेता का?" असे तिने विचारले.