आधी प्रसंग, मागाहून क्रिया

प्राथमिक शाळेच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्या अध्यापकांस हे निराळे सांगावयास नको, की ज्या विद्यार्थ्याने हातच्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक केली आणि तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागून बाकीही नीट मांडली, तोच विद्यार्थी शाब्दिक उदाहरणापाशी पोहोचला म्हणजे एक तर जागा कोरी सोडतो, नाही तर उदाहरणात दिसतील त्या दोन संख्या उचलून, त्यांवर सुचेल ती क्रिया करून मोकळा होतो. या अपयशाचे खापर बहुधा सरावाच्या कमतरतेवर फोडले जाते, आणि मुलाच्या दप्तरात आणखी एका सरावपुस्तिकेची भर पडते. परंतु प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे, की सराव कमी पडतो हे निदानच चुकीचे असून, जो सराव आज चालतो तो भलत्याच गोष्टीचा आहे: मुलाला प्रसंग समजून घ्यावयास शिकविण्याऐवजी आपण त्याला क्रिया ओळखण्याच्या खुणा पाठ करावयास लावतो.

या खुणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हटले की भागाकार, अशी कोष्टके फळ्यावर लिहून दिली जातात आणि मुले ती इमानेइतबारे वहीत उतरवून घेतात. आता पुढील उदाहरण पाहावे. एका बाईने सकाळच्या वेचणीत काही कापूस वेचला, दुपारी आणखी १८ किलो वेचला, आणि सायंकाळी काट्यावर तो एकूण ४३ किलो भरला. तर सकाळी तिने किती वेचला होता? कोष्टकाप्रमाणे चालणारा विद्यार्थी 'एकूण' हा शब्द पाहतो आणि ६१ हे उत्तर लिहितो. ज्या मुलाची आई स्वतः वेचणीला जाते, ज्याने सायंकाळी काट्यापाशी उभे राहून मुकादमाची नोंद पाहिली आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की सकाळचा कापूस दिवसभराच्या कापसाहून अधिक असणे शक्य नाही. तरीही तो ६१ लिहितो, कारण शाळेच्या उंबरठ्याआत घरचे शहाणपण चालत नाही अशी त्याची समजूत आपणच करून दिलेली असते. २५ हे उत्तर त्याच्यापाशी होते. आपल्या कोष्टकाने ते त्याच्याकडून काढून घेतले.

ही व्याधी केवळ आपल्याकडची नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणिताध्यापकांनी १९८० च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारले की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती. आणि त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही जुळवाजुळव करून कप्तानाचे वय काढून दाखविले. ही मुले मतिमंद नव्हती. गणिताच्या तासाला जे विचारले जाते त्याला अर्थ असावाच लागतो असे नाही, उत्तर मात्र द्यावेच लागते, हा धडा त्यांनी आपल्या शाळेकडून मनापासून घेतला होता, इतकेच.

वास्तविक खानदेशातील अध्यापकाने या बाबतीत दूर देशाकडे पाहण्यापूर्वी आपल्याच भागाकडे पाहावे, इतकी थोर परंपरा आपल्या पायाशी आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशीतील पाटण या गावी, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि इसवी सन १२०७ च्या सुमारास निकुंभ वंशातील सोइदेव यांनी त्या मठास दान दिले, असे तेथील शिलालेखावरून कळते. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्याचा काही भाग तत्कालीन मराठीत आहे, आणि त्या भागात बाजारातील विक्रीवरच्या कराचा अंश, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल अशी मठाच्या उत्पन्नाची तपशीलवार तरतूद असून, गावात जे काही मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, असाही दंडक आहे. ज्या विद्यास्थानात भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथाचे अध्ययन चालत होते, त्याच विद्यास्थानाचे माप गावच्या बाजारात प्रमाण मानले जात होते, ही गोष्ट प्रत्येक गणिताध्यापकाने चित्तात धारण करण्याजोगी आहे. गणित आणि गावचा व्यवहार यांच्यामध्ये त्या काळी भिंत नव्हती.

लीलावतीची रचनाही याच दृष्टीची साक्ष देते. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला, आणि लीलावती हा त्याचा पाटीगणिताचा भाग. त्याच्या आरंभीच नाणी, वजने आणि मापे यांची कोष्टके येतात: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. व्यवहाराची ही परिभाषा हाती दिल्यावर मग ग्रंथकार कधी बालेला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला संबोधून उदाहरणे घालतात. त्यांपैकी भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. थव्यातील एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोन संख्यांतील अंतराच्या तिप्पट कुटजावर गेले, आणि एकच भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधाने दोहोंकडे ओढला जाऊन आकाशात घिरट्या घालीत राहिला. तर भुंगे किती? उत्तर पंधरा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा होतात आणि तो एकटा भुंगा पंधरावा. येथे लक्षात घ्यावे ते असे, की या उदाहरणात क्रिया सुचविणारी खूण कोठेच दिलेली नाही. वाचणाऱ्याने तो थवा, ती झाडे आणि तो एकटा राहिलेला भुंगा डोळ्यांसमोर आणला तरच त्याला वाट सापडते. प्रसंगाचे सौंदर्य हा केवळ अलंकार नसून तेच आकलनाचे साधन आहे.

व्यवहारातील अर्थ हाती असला म्हणजे मूल किती पुढे जाते, याचे प्रमाण ब्राझीलमधील रेसिफे शहरी मिळाले. तेथे बाजारात माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास करून कॅरेहर दांपत्य आणि श्लीमन यांनी १९८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. विक्रीच्या प्रसंगी या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने घातले तेव्हा सुमारे ७४ टक्के. आणि नुसत्या कोऱ्या आकडेमोडीच्या रूपाने घातले तेव्हा अवघी ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ चा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली असता, तीन नारळांचे १०५, आणखी तीन मिळून २१०, आणखी तीन मिळून ३१५, आणि वर एक म्हणून ३५०, असा हिशेब त्याने तोंडी केला. दहाने गुणताना शून्य जोडावे हा शाळेचा नियम त्याने वापरला नाही, परंतु प्रत्येक पायरीवर आपल्या हातात किती नारळ आहेत याचे भान त्याने सोडले नाही. अर्थात शाळेची रीत टाकाऊ आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये, कारण मोठ्या संख्यांपाशी तीच रीत उपयोगी पडते. ती रीत आणि हे भान यांची गाठ घालून देणे हेच शाब्दिक उदाहरणाचे काम आहे.

ती गाठ कशी पडते, हे आपल्याच शेतातल्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केळीची एक ओळ ६० फूट लांब आहे आणि दर ५ फुटांवर एक रोप लावायचे आहे, तर रोपे किती लागतील? पुस्तकी उत्तर १२. परंतु रावेर-यावलकडचा एखादा मुलगा विचारील, "गुरुजी, पहिलं रोप ओळीच्या टोकालाच लावायचं, का थोडं आत?" हा प्रश्न उद्धटपणाचा नसून गणिताचा आहे. दोन्ही टोकांस रोपे लावली तर १३ लागतील. दोन्हीकडे अडीच-अडीच फूट सोडले तर बरोबर १२. आणि दोन्हीकडे पाच-पाच फूट सोडले तर ११. जो अध्यापक या प्रश्नावर मुलाला "पुस्तकात आहे तेवढंच कर" म्हणून गप्प बसवतो, तो त्या मुलाचे गणित तेथेच थांबवितो. आणि जो फळ्यावर ओळ आखून तिन्ही प्रकार मोजून दाखवितो, त्याच्या वर्गात त्या दिवशी भागाकार खऱ्या अर्थाने शिकविला जातो.

तेव्हा सराव कसा असावा, याविषयी काही सूचना करतो. एका तासात वीस उदाहरणे उरकण्यापेक्षा दोनच घ्यावी. प्रथम संख्या झाकून नुसता प्रसंग वाचावा आणि काय घडले ते मुलाने आपल्या शब्दांत सांगावे. मग आकृती काढावी, उत्तराचा अदमास घ्यावा, त्यानंतर क्रिया करावी, आणि आलेले उत्तर पुन्हा प्रसंगात ठेवून ते तेथे शोभते की नाही ते पाहावे. हे सांगणे मुलाने आपल्या घरच्या बोलीत केले तर त्यास हरकत घेऊ नये. धुळे-अमळनेरकडील मुलाने "किती ऱ्हायनात?" असे अहिराणीत विचारले, रावेरकडील मुलाने लेवा बोलीत किंवा सातपुड्यातल्या मुलाने पावरीत प्रसंग सांगितला, तर त्याला समजले याचा त्याहून चांगला दाखला दुसरा नाही. प्रमाण मराठीत लिहिणे हे त्याने यथावकाश शिकावेच, पण भाषेच्या अडचणीला गणिताचे अपयश ठरविणे अन्यायाचे आहे.

यावर अध्यापक म्हणतील, की अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, पुढे शिष्यवृत्ती परीक्षा असते, आणि द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या अध्यापकाच्या एकट्याच्या माथी मारणे योग्य नाही. पण खुणांवर विसंबणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या फसव्या उदाहरणातच प्रथम अडखळतो, हेही तितकेच खरे. शिवाय एका वर्गाला शिकवीत असता दुसऱ्या वर्गातील मुलांनी दुकानाच्या पावतीवरून, एस.टी.च्या तिकिटावरून किंवा घरच्या दुधाच्या हिशेबावरून स्वतःच उदाहरणे रचावी, हे काम त्यांच्याकडून सहज होण्यासारखे आहे. ज्याला उदाहरण रचता येते, त्याला क्रियेचा अर्थ कळलेला असतो. खुणांची कोष्टके पाठ करून कोणालाही उदाहरण रचता येत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागास आणि केंद्रप्रमुखांस माझी विनंती एवढीच आहे, की तिसरीपासून पुढच्या प्रत्येक परीक्षेत एक प्रश्न असा घालावा: ९६ भागिले ८ या क्रियेवर आपल्या घरच्या किंवा गावच्या व्यवहारातील एक उदाहरण तयार करा आणि सोडवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मुलांची अशी उदाहरणे वाचली जावीत आणि त्यांतील चांगली शाळाशाळांत पोहोचावीत. प्रश्नपत्रिकेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा जुना स्वभाव आहे. तो बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, तोच स्वभाव या कामी लावता येईल, आणि त्यासाठी नवी इमारत, नवी सनद किंवा नवा निधी यांपैकी कशाचीच गरज नाही.

एक अध्यापक