आजोबांना न आलेलं उत्तर

शाळेत आम्हाला रॉबर्ट साउदीची 'आफ्टर ब्लेनहाइम' ही कविता होती. नातवाला ओढ्याजवळ कवटी सापडते, आजोबा लढाईचं कौतुक सांगत सुटतात, पण ती कशासाठी झाली हे काही त्यांना सांगता येत नाही. आम्ही शब्दार्थ पाठ केले आणि मोकळे झालो. परवा लेकीने विचारलं, "आई, ही लढाई खरी होती?" म्हणून शोधायला बसले.

खरीच होती. १३ ऑगस्ट १७०४. बव्हेरियातलं डॅन्यूबकाठचं ब्लिंडहाइम गाव, इंग्रजीत ते ब्लेनहाइम झालं. मार्लबरो आणि युजीन यांनी फ्रान्स-बव्हेरियाच्या फौजेला हरवलं. एका दिवसात दोन्हीकडची मिळून सुमारे ३०,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. मार्लबरोला वुडस्टॉकची जहागीर मिळाली, तिथे ब्लेनहाइम पॅलेस उभा राहिला.

आणि भांडण कशावरून? स्पेनच्या गादीवर फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू नको, यावरून. गंमत म्हणजे १७१३ च्या उट्रेख्टच्या तहानंतर त्या गादीवर तोच नातू कायम राहिला! अट एवढीच, की फ्रान्स आणि स्पेनचं राज्य एक करायचं नाही.

इतिहासकार म्हणतील, युरोपातला सत्तेचा तोल राखला गेला. असेलही. पण ही अट ज्याच्या शेतात कवटी निघाली त्याला कशी समजावणार? मला वाटतं, कवितेतले आजोबा अडाणी नव्हते. त्यांना सांगण्याजोगं उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग लढले कशाला?"

मीही गप्प.