दोष असेंबल्ड पीसीचा नव्हता

रनाळ्याला माझा मावसभाऊ लोकांना ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्याचा पीसी मीच जोडून दिलेला. एक दिवस फोन आला, "दादा, हा मधेच रिस्टार्ट होतो. आज एका पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म गेला, आणि शेवटची तारीख होती."

दोनदा फॉरमॅट केला. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, बदलल्याही. फरक शून्य. "ब्रँडेड घ्यायला हवा होता," हे ऐकून झालं.

शेवटी शनिवारी गावी जाऊन नुसता शेजारी बसलो. बाजूची पिठाची चक्की सुरू झाली की पीसी रिस्टार्ट! मल्टिमीटर लावला, तर चक्की सुरू होताना २३० चे १६५ व्होल्ट. मागे ११५/२३० चा लाल स्विच असलेला स्वस्तातला एसएमपीएस. २३० वर ठेवला की त्याला साधारण १८० व्होल्ट तरी लागतात. त्याखाली तो 'पॉवर गुड' सिग्नल काढून घेतो आणि मदरबोर्ड रिसेट होतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस बसवला. चार स्क्रूंचं काम. आता चक्कीही चालते, पीसीही.

माझं मत विचाराल तर असेंबल्ड पीसी बेभरवशाचा नसतो, आपली यादी चुकते. आधी प्रोसेसर, मग रॅम, आणि उरलेल्या पैशात एसएमपीएस. मीही तेच केलं होतं. गावासाठी यादी उलटी लिहा. आणि कॅबिनेट उघडण्याआधी बिघाड कधी होतो ते बघा.

त्या पोरीचा फॉर्म मात्र गेला तो गेलाच.