गवताला सुट्टी द्या!

लॉन विरळ झालं की आपल्याकडे उपाय ठरलेला. युरिया टाका, पाणी सोडा, तरी नाही जमलं तर लॉनच्या नव्या पट्ट्या आणून अंथरा. थोडे दिवस सगळं हिरवंगार, मग पुन्हा टक्कल! कारण खालची माती तुडवून तुडवून घट्ट झालेली असते आणि वरचं गवत पार बुडापर्यंत कापलेलं असतं. पान म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. तेच काढून घेतलं तर मुळांनी खायचं काय? म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गवत कापू नये, असा साधा नियम आहे.

मित्रांनो, हाच आजार मोठ्या प्रमाणावर बघायचा असेल तर त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलकडे चला. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, भातखाचरं तुडुंब. आणि उन्हाळ्यात आसपासच्या पाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे! उतार तीव्र, मातीचा थर पातळ, हे खरंच. पण गवत विरळ झालेल्या डोंगरावर पाणी थांबणार तरी कसं? पहिल्या पावसात कोंब फुटतो न फुटतो, तोच गुरं डोंगरावर सुटतात. गवताला बी धरायला वेळच मिळत नाही. अशा चराईत पवन्या, मारवेल यांसारखं चांगलं गवत हळूहळू संपतं आणि उरते कुसळी, जी पिकल्यावर गुरंही तोंडात घेत नाहीत. मग उघड्या मातीवर पाऊस आपटतो आणि माती ओढ्याला जाते. चारा नाही, पाणी नाही, म्हणून भात निघाला की कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडे निघतात. गवत ही इथे शोभेची गोष्ट नाही, पोटाची आहे.

आपण यावर काय करतो? जुलैत खड्डे खणतो, रोपं लावतो, फोटो काढतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा डोंगरावर झाडांच्या आधी गवताचा विचार व्हावा. आणि गवताला सगळ्यात आधी हवी असते ती विश्रांती.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने 1990 च्या दशकात हेच केलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि जोडीला डोंगरउतारावर सलग समतल चर. गुरांना डोंगरावर बंदी, पण माणसांना विळ्याने गवत कापून न्यायला परवानगी. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. हरसूलला त्याच्या कितीतरी पट पडतो!

पण एक प्रश्न टाळून चालणार नाही. जिच्याकडे जमीन नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, तिने बंदीच्या काळात काय करायचं? वरून लादलेल्या बंदीचा पहिला फटका तिलाच बसतो. म्हणून सगळा डोंगर एकदम बंद करू नये. त्याचे चार भाग करावेत, एक भाग सलग दोन पावसाळे बंद ठेवावा, बाकीचे चराईला मोकळे. बंद भागातलं गवत दिवाळीच्या सुमारास बी गळल्यावर कापावं आणि घरटी वाटावं. वाटणीत भूमिहीनांचा नंबर पहिला! कोणता भाग बंद ठेवायचा, वणव्यावर लक्ष कोण ठेवणार, हे ग्रामसभेने ठरवावं. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिलेलाच आहे.

यात आपल्यासारख्या भावी इंजिनिअर्सचं काम काय? पुष्कळ आहे. सिव्हिलवाल्यांनो, समपातळीची रेषा आखायला प्रत्येक वेळी महागडं इन्स्ट्रुमेंट लागत नाही. तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड एवढ्यावर ए-फ्रेम तयार होते, आणि ती वापरायला गावातली पोरं एका दिवसात शिकतात. एनएसएसच्या कॅम्पमध्ये एक मीटर बाय एक मीटरची चौकट घेऊन डोंगरावर दहा ठिकाणी गवताचे ठोंब मोजा. त्याच जागी दरवर्षी मोजा, बंद भागात आणि चराईच्या भागातही. आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. फरक दिसला तर गाव स्वतःच दुसरा भाग बंद करेल. नाही दिसला तर आपला प्लॅन बदलायचा, गावाला दोष द्यायचा नाही.