चिठ्ठी गेली पहिल्या मालकाला

गेल्या महिन्यात आमच्या साडूंनी मोठी गाडी घेतली. मोठी म्हणजे सात माणसे बसतील, टपावर सामान बांधता येईल अशी. हल्ली एसयूव्ही म्हणतात ती. नवी घेण्याची ऐपत आपल्यात कितीजणांची आहे? दोघा भावांनी पतपेढीचे कर्ज काढून अकरा वर्षे वापरलेली, दोन मालकांच्या हातून आलेली गाडी दारात उभी केली. वस्तीत पेढे वाटले. बघायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारले, "ॲव्हरेज किती देते?" आम्हीही तेच विचारले.

वेगळा प्रश्न विचारला तो आमच्या मेहुणीने. ती एका कारखान्यात पॅकिंगला आहे. माल खराब निघाला की खोक्यावरचा लॉट नंबर बघून तो सगळा लॉट परत मागवतात, हे तिच्या रोजच्या पाहण्यातले. ती म्हणाली, "गाडीवरही नंबर असतोच की. हिचा लॉट कधी परत मागवला होता का?"

गाडीच्या धंद्यात यालाच रिकॉल म्हणतात. विकून झालेल्या गाड्यांत सुरक्षेला बाधक दोष आढळला की कंपनी त्या बनावटीच्या गाड्या बोलावून घेते आणि तो भाग फुकट दुरुस्त करते किंवा बदलून देते. रिकॉल झाला म्हणजे गाडी टाकाऊ, असे मुळीच नाही. उलट, दोष लपवून न ठेवता दुरुस्त करून देणारी कंपनी आम्हाला बरी वाटते. भीती वाटते ती दोष ठाऊक असून गप्प बसणाऱ्याची.

अशा गप्प बसण्याचे काय होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही गाडी १९९० साली तिथल्या बाजारात आली आणि मुलाबाळांच्या कुटुंबांनी ती डोक्यावर घेतली. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर असत. पुढे भर वेगात त्या टायरांची वरची नक्षीची पट्टी आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागली. गाडी उंच, मागचे टायर फाटले की ती कलंडे. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे अधिक घडले. फोर्डने या टायरांत २६ पौंड हवा ठेवायला सांगितले होते. टायर कंपनी पुढे म्हणू लागली की ३० हवी होती. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबला की तापतो, त्यात ऊन आणि भरलेली गाडी! फोर्डचे म्हणणे होते, दोष टायरचा. फायरस्टोनचे म्हणणे होते, दोष गाडीचा. दोघांचे भांडण इतके विकोपाला गेले की २००१ साली फायरस्टोनने फोर्डशी जवळजवळ शंभर वर्षांचा व्यवहार तोडला.

पण आमचे लक्ष वेधले ते आणखी एका गोष्टीने. हा दोष आधी नजरेस आणून दिला तो एका विमा कंपनीतल्या नोकरदाराने. स्टेट फार्म या कंपनीतले सॅम बॉयडेन यांच्या टेबलावर अपघातांचे दावे येत. त्यांनी एकाच तऱ्हेची २१ प्रकरणे वेगळी काढून १९९८ साली सरकारच्या वाहनसुरक्षा खात्याला कळवली. खाते हलले नाही. १९९९ मध्ये फोर्डने सौदी अरेबियात हेच टायर बदलून द्यायला सुरुवात केली, पण त्याला 'रिकॉल' म्हटले नाही आणि घरच्या सरकारलाही कळवले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरदर्शन केंद्राने बातमी दाखवली, लोकांचे फोन सुरू झाले, मे महिन्यात चौकशी बसली आणि ९ ऑगस्ट २००० रोजी टायर परत मागवल्याची घोषणा झाली. त्या वेळी रस्त्यावर असे ६५ लाख टायर असल्याचा अंदाज होता. सरकारी नोंदीतल्या मृतांचा आकडा पुढे २७१ वर गेला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला. परदेशात गाडी परत मागवली तरी ते कळवायचे आणि अपघाताचे दावेही कळवायचे, असे कंपन्यांवर बंधन आले.

आपल्याकडे काय आहे? २०१२ पासून मोटार उत्पादकांच्या संघटनेची, 'सियाम'ची, ऐच्छिक संहिता आली. २०१४ साली टोयोटाने २००५ ते २००८ मधल्या सुमारे ४५ हजार इनोव्हा परत बोलावल्या. स्टीअरिंगमधल्या केबलचा दोष होता. तिच्यामुळे चालकासमोरची एअरबॅग ऐनवेळी न उघडण्याचा धोका होता. सक्तीची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने आली आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकते. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगली गोष्ट आहे. फक्त सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाडीसाठी. आणि आपल्या वस्तीत गाडी येते तीच मुळी आठव्या-दहाव्या वर्षी!

दुसरी मेख चिठ्ठीची. रिकॉलची चिठ्ठी कंपनीच्या वहीत ज्याचे नाव, त्याला जाते. मधल्या काळात गाडी हातोहात फिरलेली असते.

साडू आणि मेहुणी आरसी बुक घेऊन शोरूमला गेले. काउंटरवरच्या मुलाने गाडीकडे पाहूनच सांगितले, "ताई, ही थर्ड ओनरची गाडी आहे. आमच्याकडे तुमचे नाव नाही." मेहुणी म्हणाली, "नाव नका बघू, चेसिस नंबर बघा. आणि आत बसणारी माणसं काही थर्ड ओनरची नाहीत." तोवर मागे रांग लागली होती. मुलाने कुरकुरत नंबर टाकला. सहा वर्षांपूर्वीचे एक काम बाकी निघाले! चिठ्ठ्या पुण्याच्या पहिल्या मालकाकडे गेल्या होत्या. दोन तासांत भाग बदलून मिळाला, पैसा लागला नाही. साडू म्हणाले, "साहेब चांगला होता, उपकार केले." मेहुणीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढे ते काही बोलले नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, किंवा जे घेणार आहेत, त्यांनी सौदा होण्याआधीच चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या शोरूममध्ये 'रिकॉलचे काम बाकी आहे का' असे विचारावे. गाडी कितव्या मालकाची आहे, याच्याशी त्या कामाचा संबंध नाही.

टायरचेही तसेच. त्याच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यातला. नक्षी दिसायला नवी असली तरी रबर वयाने कडक होते. बाजूला बारीक भेगा दिसल्या की समजावे. हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि हवा टायर थंड असताना तपासायची. स्टेपनीची तपासायला आम्ही सगळेच विसरतो.

साडूंच्या गाडीचे मागचे दोन्ही टायर बारा वर्षांचे निघाले, म्हणजे गाडीपेक्षाही जुने! कोणीतरी मधेच कुठले तरी आणून बसवलेले. बदलायला जे पैसे लागले त्यात सीट कव्हर राहून गेले. येत्या वैशाखात भाचीच्या लग्नाला कल्याणहून अकोल्याला त्याच गाडीने जायचे आहे. सामानाची यादी मेहुणीकडे आहे. टपावर जाणारी भांडी तिने आत्ताच निम्म्यावर आणली आहेत.