अर्ज, वशिला आणि आम्ही

शाळेच्या वार्षिक अंकात पदवीधरांच्या नोकरीविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. दहावीच्या बाकावर बसलेल्या मुलापासून पदवी अजून पाच-सहा वर्षे दूर असते. परंतु हा अंक घरी जातो, आणि घरी तो प्रथम चाळणारे बहुधा त्या मुलाचे थोरले भावंड असते. ते पदवी घेऊन सहा महिने, वर्ष, क्वचित दोन वर्षे घरी बसलेले असते. दुपारच्या वेळी त्याला वाचावयास सवड असते, आणि ती सवड त्याला खुपतही असते. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

गेल्या पावसाळ्यापासून आमचे कितीतरी माजी विद्यार्थी पदवीचे प्रमाणपत्र घेऊन आम्हांस भेटून गेले. पेढे दिले, पाया पडले, आणि उठता उठता बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: "सर, तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?" अर्ज कसा लिहावा, कोणत्या परीक्षेस बसावे, मुलाखतीस काय विचारतात, हे विचारणारा त्यांत एकही निघाला नाही. याचा दोष आम्ही त्या मुलांना देत नाही. हा प्रश्न त्यांनी घरी ऐकलेला आहे. आमच्याही घरी तो होता, आणि त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

२०१२ साली आम्ही बी. ए. झालो. आमचे गाव खाणपट्ट्यातले. बाबांचा एक ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. खनिजाच्या फेऱ्यांवर घर चाले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला, आणि ट्रक आमच्या अंगणाबाहेर फणसाखाली उभा राहिला. हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. शेजारीपाजारी भेटत ते विचारीत, "आतां फुडें कितें?" अशा वेळी एक परिचित गृहस्थ घरी आले. एका कचेरीत कारकुनाची जागा आहे, आपला शब्द तिथे चालतो, दीड लाख लागतील, निम्मे आधी, असे त्यांनी चहा पिता पिता सांगितले. आईने पाटल्या काढून दिल्या. पंचाहत्तर हजार त्या गृहस्थांच्या हाती पडले. यादी लागली, तीत आमचे नाव नव्हते. मग "पुढच्या यादीत" झाले, मग "फाईल वर अडली आहे" झाले, आणि शेवटी "तुमच्या मुलाच्या नशिबातच नाही" असे उत्तर मिळाले. पावती कसली असणार? तेलही गेले, तूपही गेले.

पुष्कळ वर्षे आम्ही ही गोष्ट आमच्या फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगत होतो. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागून एक उघडकीस आली, अटका झाल्या. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जो तो फसलेल्यांविषयी हळहळत होता. आम्हीही हळहळलो. पण त्या रात्री एक विचार मनात आला, तो अद्याप गेलेला नाही. त्या गृहस्थांनी शब्द पाळला असता तर? ती जागा आम्हांस मिळाली असती, आणि ज्याने रात्री जागून अभ्यास केला, ज्याच्या आईपाशी पाटल्याच नव्हत्या, असा कोणीतरी मुलगा घरी बसला असता. त्याला ते कधी कळलेही नसते. आम्ही लुबाडले गेलो हे खरे. पण लुटीत भागीदार व्हावयास निघालो होतो हेही तितकेच खरे. वशिल्याची निंदा सर्वच करतात. आपल्याला न मिळालेल्या वशिल्याची निंदा आणि वशिल्याची निंदा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हांस कळावयास बारा वर्षे लागली.

"पण सर, वशिल्यावाचून काही होत नाही," असे कोणी म्हणेल. पूर्वीइतके हे खरे राहिलेले नाही. गोव्यात २०१९ च्या कायद्याने राज्य कर्मचारी निवड आयोगाची तरतूद झाली, आणि अलीकडे कारकुनी व तत्सम कनिष्ठ पदांसाठी या आयोगाच्या संगणकावरील परीक्षा होऊ लागल्या आहेत. व्यवस्था निर्दोष आहे असा दावा आम्ही करणार नाही. परंतु जो मुलगा परीक्षेचा अभ्यासक्रम न पाहताच "सगळे आधीच ठरलेले असते" असे म्हणतो, त्याला व्यवस्थेविषयी बोलण्याचा अधिकार अजून आलेला नाही. आणि अभ्यास राहू द्या, कित्येकांचे घोडे कागदांवरच अडते! पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, सेवायोजन कार्यालयातील नोंदणी, जातीचा असल्यास तो दाखला, हे सारे जाहिरात आल्यावर काढावयास धावणारे आम्ही दरवर्षी पाहतो. मामलेदार कचेरीपुढे शेवटच्या दिवशी लागणारी रांग ही पदवीधरांची रांग असते, हे फारसे भूषणावह नाही.

तथापि आमचे म्हणणे एवढेच नाही. सरकारी नोकरीसाठी परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. पण तिची वाट पाहत घरी बसू नये. पाटल्या गेल्यानंतर आम्ही औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कोठारात कामास लागलो. आलेला माल मोजावयाचा, वहीत व संगणकावर चढवावयाचा, महिनाअखेर दोन्हींचा मेळ घालावयाचा. पगार थोडा होता. "बी. ए. होऊन खोकी मोजतो," असे गावात म्हणत, आणि आम्ही सुटीच्या दिवशी देवळाच्या बाजूचा रस्ता टाळीत असू. पण त्या दोन वर्षांत जे शिकलो ते महाविद्यालयाने शिकविले नव्हते. चूक झाल्यास ती दडपावयाची नसते, त्याच दिवशी सांगावयाची असते. वरिष्ठाला दोन ओळींत पत्र लिहिता आले पाहिजे. आपल्याहून कमी शिकलेला मनुष्य आपल्याहून अधिक जाणता असू शकतो, इत्यादी. पुढे अध्यापनाची पदवी घेतली तिचे शुल्क त्याच पगारातून भरले.

खाजगी नोकरी धरताना मात्र डोळे उघडे हवेत. नेमणुकीचे पत्र लेखी घ्यावे. पगाराची चिठ्ठी मागावी. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापली जात असेल तर आपला बारा आकडी खातेक्रमांक मागून घ्यावा, आणि कापलेली रक्कम खरोखर जमा होते की नाही हे अधूनमधून पाहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, नकला द्याव्यात. नोकरी देण्यासाठी जो "अनामत" मागतो, तो नोकरी देत नाही. बोटीवर जाऊ इच्छिणाऱ्यांनी दलालाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे किंवा नाही, हे पैशांची गोष्ट निघण्यापूर्वी पाहावे.

आता अर्जाविषयी. मागे एक माजी विद्यार्थिनी आपले माहितीपत्रक घेऊन आली. त्यात छंद म्हणून "क्रिकेट" लिहिले होते. आम्ही आश्चर्याने विचारले तेव्हा कळले की, तिने भावाचे पत्रक उतरून फक्त नाव बदलले होते. "मी कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ आहे," हे वाक्यही त्याच पत्रकातले. सहज बोलता बोलता तिने सांगितले की, आईच्या स्वयंसाहाय्य गटाचे हिशेब गेली चार वर्षे तीच ठेवते. बँकेत तीच जाते, कर्जाचे हप्ते तीच लावते. "मग हे का लिहिले नाहीस?" तर म्हणाली, "सर, ते काय शिक्षणात येते?" आमच्या मुलांचे दुर्दैव असे की, त्यांना जे येते ते त्यांना विद्या वाटत नाही, आणि जे येत नाही ते ती अर्जात लिहितात. ते पत्रक आम्ही तिच्याकडून तीन वेळा लिहवून घेतले. चौथ्या वेळी ते तिचे झाले.

भाषेविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो, आणि आमच्या पहिल्या मुलाखतीत इंग्रजीत "स्वतःविषयी सांगा" म्हटल्यावर आमच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मराठी शाळेतली मुले याच भयाने अर्धी हरतात. इंग्रजी आली पाहिजे. तिच्यावाचून पुष्कळ दारे बंद राहतात आणि उगाच अभिमानाने ती उघडत नाहीत. रोज एक बातमी इंग्रजीत मोठ्याने वाचावी व तीच आपल्या शब्दांत सांगावी; आम्ही असेच शिकलो. पण आपल्यापाशी जे आहे ते टाकूनही देऊ नये. १९८७ च्या कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही त्यात तरतूद आहे. २०२३ पासून केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या काही परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा भाषांतून देता येऊ लागल्या, आणि त्या तेरांत मराठीही आहे, कोकणीही आहे. दोन्ही भाषा शुद्ध लिहिणारा, एकीतून दुसरीत आणि दोहोंतून इंग्रजीत नेणारा पदवीधर किती मिळतो? कोकणी आमच्या मुलांच्या जिभेवर आहे, लेखणीत नाही. अर्ध्या तासाच्या रोजच्या लेखनाने ही उणीव भरून निघते. देवनागरी टंकलेखन तर सुटीत शिकण्याजोगे आहे.

पालकांना एक विनंती. मुक्तीपूर्वी, १९६१ पर्यंत, गोव्यात कला शाखेचे महाविद्यालय नव्हते. पणजी व मडगाव येथे ती १९६२ साली निघाली. त्यापूर्वी शिकावयाचे म्हणजे मुंबई, बेळगाव अथवा धारवाड गाठावे लागे. आपल्या आजे-पणज्यांनी ती वाट चालून पोट भरले व घरीही पैसे पाठविले. आज मुलाला जुवारीपलीकडे नोकरी मिळाली तर आई म्हणते, "इतक्या दूर कशाला?" मुलीच्या बाबतीत तर विचारूच नये. खाजगी नोकरी असलेल्या मुलाला लग्नाच्या बाजारात पत नाही, हेही आपणच ठरविलेले आहे. मुलगा कोठारात खोकी मोजत असेल तर देवळाच्या बाजूचा रस्ता त्याला टाळावा लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोन तास वाचनालयात असतो. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना अर्ज लिहावयाचा आहे त्यांनी यावे. दाखल्यांच्या नकला, ज्या जागेसाठी अर्ज करावयाचा तिची जाहिरात आणि कोरे कागद बरोबर आणावेत. कोणाचे जुने माहितीपत्रक मात्र आणू नये.