थंड गावातला बंद एसी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले डुलुथ हे लेक सुपीरियरच्या काठावरचे शहर. जानेवारीत तिथे पारा उणे वीसच्या खाली गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. उन्हाळ्यात सरोवरावरून गार वारा येतो, म्हणून या शहराला ‘वातानुकूलित शहर’ असे टोपणनावच पडले आहे. हवामानबदलाच्या काळात राहायला सुरक्षित शहर म्हणूनही अलीकडे त्याचे नाव घेतले जाते. अशा गावात जुलैत घरातला एसी बंद पडला, की घरमालकाच्या मनात येणारा विचार स्वाभाविकच असतो. आठ-दहा दिवसांच्या उकाड्यासाठी शेकडो डॉलर कशाला घालवायचे? पुढच्या वर्षी पाहू.

वहीतला हा हिशेब बरोबर दिसतो, पण वैद्यकीय दृष्टीने त्यात मोठी चूक आहे. याच डुलुथमध्ये जुलै 1936 मध्ये तापमान 41 अंश सेल्सिअसवर गेले होते. थंड प्रदेशात उष्णतेची लाट क्वचित येते हे खरे. पण जेव्हा येते तेव्हा तिथली माणसे, घरे आणि यंत्रणा यांपैकी कुणीच तयार नसते.

याचा पुरावा 2021 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने पाहिला. जूनच्या अखेरीस लिटन या गावात 49.6 अंश तापमान नोंदले गेले. त्या आठवड्यात प्रांतात उष्णतेमुळे 619 माणसे दगावली. पुढे झालेल्या अधिकृत चौकशीतले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. मृतांपैकी 98 टक्के लोक घरात किंवा इमारतीच्या आत दगावले. उन्हात फिरताना नव्हे. दोनतृतीयांश मृत सत्तरीतले किंवा त्याहून मोठे होते, निम्म्याहून अधिक एकटे राहत होते आणि बहुतेकांच्या घरी गारव्याची पुरेशी सोय नव्हती. त्याआधी जुलै 1995 मध्ये शिकागोच्या लाटेत नेहमीपेक्षा 739 मृत्यू जास्त झाले. त्यानंतरच्या अभ्यासात ज्यांच्या घरी चालू स्थितीतला एसी होता, त्यांचा धोका कितीतरी कमी आढळला. इथे ‘चालू स्थितीतला’ हा शब्द महत्त्वाचा. भिंतीवरचा बंद एसी रुग्णाच्या उपयोगाचा नाही.

गरम हवेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. चार दिवसांची लाट ही सवय लागायच्या आतच आपले काम करून जाते. उकाड्यात शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवते, त्यासाठी हृदयाला जादा कष्ट पडतात. म्हातारपणी तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर शरीरातले पाणी आणखी घटते. मानसिक आजारांवरची काही औषधे घाम येण्याची क्रियाच मंदावतात. ब्रिटिश कोलंबियातल्या मृतांमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

घरेही माणसाच्या विरोधात जातात. थंड प्रदेशातले घर उष्णता आत धरून ठेवण्यासाठीच बांधलेले असते. दिवसभर तापलेले घर रात्री निवत नाही आणि थकलेल्या हृदयाला रात्रीची उसंत मिळत नाही. म्हणूनच लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर रुग्ण वाढतात. पंख्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा शरीराकडे गरम वाराच ढकलतो.

आता दुरुस्तीच्या बिलाकडे वळू. आपल्याकडे कारागीर घरी येतो, काही शे रुपयांत काम उरकून जातो. तिथे सुटा भाग स्वस्त आणि माणसाचा वेळ महाग. कपॅसिटर हा वारंवार बिघडणारा भाग जेमतेम काही डॉलरचा; पण तपासणीची फी आणि मजुरी धरून बिल शेकड्यांत जाते. कॉम्प्रेसर गेला तर आकडा हजारांत. गॅस भरण्याचे काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असा अमेरिकेत कायदा आहे. जुन्या यंत्रांतला आर-22 हा वायू ओझोनच्या थराला घातक. त्याचे उत्पादन आणि आयात तिथे 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे. उरलासुरला साठाच वापरायचा, म्हणून भाव चढा. शिवाय लाट आली की सगळ्या गावाचे फोन एकदम वाजतात. मोसम छोटा, कारागीर मोजके. सुटीच्या दिवशी बोलावले तर जादा आकार. ज्याला गारव्याची सर्वांत जास्त गरज, त्या एकट्या, निवृत्त माणसालाच हे बिल सर्वांत जड जाते.

थंडीच्या बाबतीत समाजाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. मिनेसोटात हिवाळ्यात बिल थकले म्हणून घराची ऊब सहजासहजी तोडता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अमेरिकेत 1981 पासून ऊर्जा मदत योजना आहे, पण तिचा बहुतांश पैसा घर गरम ठेवण्यावर जातो. जानेवारीत बंद पडलेली भट्टी सगळ्यांना आणीबाणी वाटते. जुलैत बंद पडलेला एसी मात्र चैनीच्या खात्यात पडतो. लाटेच्या दिवसांत सत्तरीच्या हृदयरोग्याला हा भेद जिवावर बेतू शकतो. भट्टी आणि एसी या दोन्ही दुरुस्त्या एकाच खात्यात, म्हणजे आरोग्याच्या खात्यात मांडायला हव्यात. ब्रिटिश कोलंबियाने 2023 मध्ये एक कोटी डॉलर बाजूला काढून कमी उत्पन्नाच्या, आजारी लोकांसाठी सुमारे 8,000 एसी मोफत देण्याची योजना जाहीर केली. पाऊल योग्यच होते. मात्र दिलेले यंत्र पाच वर्षांनी बंद पडले तर ते कोण दुरुस्त करणार, याचेही उत्तर अशा योजनेत असले पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एसी वीज खातो, वायू गळला तर पृथ्वी तापवतो, आणि तापलेल्या पृथ्वीवर आणखी एसी लागतात. म्हणून सरसकट प्रत्येक घर थंडगार करा, असे कुणी म्हणू नये. धडधाकट तिशीतल्या जोडप्याने पडदे ओढून, रात्री खिडक्या उघडून आठवडा काढला तर बिघडत नाही. पण धोक्यातल्या माणसासाठी एक खोली गार असणे हा उपचाराचा भाग आहे. मोठ्या मध्यवर्ती यंत्राची दुरुस्ती आवाक्याबाहेर असेल, तर एका खोलीपुरता खिडकीचा एसी पुष्कळ स्वस्त पडतो. एवढ्याने जीव वाचू शकतो.

हा विषय मराठी घरांपासून दूर नाही. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे, नागपूरचे आईवडील मुलांकडे अमेरिका-कॅनडाला जातात. ‘आम्हाला उन्हाची सवय आहे, आमच्यासाठी खर्च करू नका,’ असे बाबा हमखास म्हणतात. पण महिना-दीड महिना गार हवेत राहिल्यावर ती सवय बरीचशी सुटते. वरच्या मजल्यावरची पाहुण्यांची खोलीच घरात सर्वांत जास्त तापते. त्यांच्या औषधांच्या डब्यात बीपीची गोळी असतेच. अशा वेळी त्यांचा बिछाना तळघरात हलवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. लाट येण्याआधी गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. मनाने औषध बंद करू नये.

एसी मे महिन्यातच चालवून पाहावा. तेव्हा कारागीर मोकळे असतात. फिल्टर बदलणे, पाणी जाण्याची नळी साफ ठेवणे, ब्रेकर पडला आहे का ते पाहणे, ही कामे घरच्या घरी होतात. उत्तर अमेरिकेत जूनमध्ये कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतो आणि बाहेरच्या यंत्राच्या जाळीवर गोधडीसारखा बसतो. वीज बंद करून तो हलक्या पाण्याने धुतला, तर कित्येकदा बिलाची वेळच येत नाही. गॅस दर वर्षी भरावा लागत असेल, तर गळती आहे हे समजावे आणि आधी ती बुजवून घ्यावी.

डॉक्टरांनीही आपल्या प्रश्नांत एकाची भर घालावी. साखर किती, दाब किती, हे विचारतोच आपण. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला ‘घरातला एसी चालू आहे ना?’ हेही मे महिन्यात विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती माहिती रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवावी. लाटेचा इशारा आला की पहिला फोन त्याच घरी जायला हवा.